मांजराला पट्टा की चिप? दोन्ही, पण या क्रमाने

चौथ्या मजल्यावरचं मांजर जाळीच्या फटीतून सटकतं आणि पलीकडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणालातरी सापडतं. त्या माणसाच्या खिशात मांजराच्या कातडीखालच्या चिपचा आकडा वाचणारा स्कॅनर नसतो. गळ्यात काही आहे की नाही, एवढंच त्याला दिसतं. काही नसलं तर मांजर भटकं ठरतं, वाटीभर दूध मिळतं आणि विषय तिथेच संपतो. उलट, पट्टा निघून पडलेलं मांजर दोन महिन्यांनी दुसऱ्याच्या सोफ्यावर सापडलं, तर ‘हे आमचंच’ म्हणायला तुमच्याकडे फोटो आणि चिप याखेरीज काही नसतं. पट्टा शेजाऱ्यासाठी असतो, चिप दवाखान्यासाठी. एकाचं काम दुसरं करत नाही.

लोक दोन्ही गोष्टी करतातही. बिघडतं ते क्रमात. चिप बसवतात, पण नोंदणी करत नाहीत. रेबीजची लस आधी देतात आणि चिप नंतर बसवतात. पट्टा कुत्र्याच्या पिल्लाचा आणतात. टॅगवर मांजराचं नाव सुरेख कोरून घेतात आणि फोन नंबरला जागाच उरत नाही. पुढचे टप्पे त्याच क्रमाने घ्या.

आधी हाताशी काय ठेवायचं

- शिवणकामाची मऊ टेप (नसेल तर सुतळी आणि पट्टी)
- किचनमधला किंवा माणसांचा वजनकाटा
- लसीकरणाचं पुस्तक
- दोन मोबाइल नंबर: एक तुमचा, दुसरा तुमच्या घरात न राहणाऱ्या नातेवाइकाचा
- मांजराचे पाच फोटो: समोरून चेहरा, डावी कूस, उजवी कूस, शेपूट, आणि अंगावरची एखादी खूण जवळून

फोटो आजच काढा. मांजर हरवल्यावर फोन चाळायला बसलं की सगळे फोटो झोपलेल्या मांजराचे निघतात, आणि गोळा झालेल्या मांजरात एक पांढरं-काळं दुसऱ्या पांढऱ्या-काळ्यासारखंच दिसतं. चेहऱ्यावरचा डाग कुठल्या बाजूला आहे, शेपटीचं टोक कुठल्या रंगाचं आहे, हे दिसायला हवं.

टप्पा १: मांजर आधीच कुणाचं नाही ना?

पिल्लू घरातच जन्मलं असेल तर हा टप्पा सोडा. दारात येऊन बसलेलं, इमारतीत फिरणारं किंवा कुणीतरी ‘घेऊन जा’ म्हणून दिलेलं असेल तर इथूनच सुरुवात करा.

१. कान बघा. एका कानाचं टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर ते नसबंदी करून परत सोडलेलं मांजर आहे. ती जखम नव्हे, खूण आहे. त्या भागात त्याला खाऊ घालणारं कुणीतरी असण्याची शक्यता मोठी.

२. दवाखान्यात नेऊन स्कॅन करून घ्या. दवाखान्याला आधी फोन करून ‘स्कॅनर आहे का?’ हे विचारा. आपल्याकडे तो प्रत्येक दवाखान्यात असतोच असं नाही.

३. चिप नसली तरी लगेच आपली बसवू नका. साध्या कागदाची दीड सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, तिच्यावर ‘हे मांजर कुणाचं आहे का? फोन करा’ आणि नंबर लिहा, गळ्याभोवती सैलसर गुंडाळून टोकं सेलोटेपच्या छोट्या तुकड्याने चिकटवा. कागद ओढ बसली की फाटतो, म्हणून तो सुरक्षित. आठवडाभर दोन-तीनदा नवी पट्टी लावा. तीन घरी तीन नावांनी जेवणारे बोके असे पकडले जातात.

*सावध:* कागदावर सेलोटेप पूर्ण लांबीभर लावू नका. मग तो फाटणार नाही, आणि सगळा हेतूच जाईल.

टप्पा २: पट्टा निवडणं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या जिवावर बेततात, म्हणून सावकाश वाचा.

मांजर चढतं, फटीतून शिरतं, जाळीवर लोंबकळतं. पट्टा खिडकीच्या ग्रिलला, फांदीला किंवा गच्चीवरच्या डिश अँटेनाच्या नटाला अडकला की दोनच गोष्टी होऊ शकतात: पट्टा सुटतो किंवा मांजर लटकतं. तेव्हा मांजराच्या पट्ट्याचं बकल ओढ बसताच आपोआप उघडणारं हवं. दुकानात ‘ब्रेकअवे’ किंवा ‘सेफ्टी बकल’ या नावाने मागा. त्याच्या दोन्ही बाजूंचे दाते आखूड आणि गोलसर असतात. बॅगच्या बकलासारखे ते दाबावेच लागतात असं नाही, नुसत्या ओढीनेही सुटतात. फक्त बाजूने दाबूनच उघडणारं बकल ओढून उघडत नाही. दिसायला दोन्ही जवळपास सारखी असल्यामुळे नुसत्या पाकिटावरच्या शब्दावर जाऊ नका.

*घरी चाचणी:* मांजराच्या साधारण निम्म्या वजनाला बकल सुटायला हवं. चार किलोच्या मांजरासाठी दोन किलो तांदूळ कापडी पिशवीत भरा. पट्ट्याचं बकल लावून तो दाराच्या कडीत अडकवा, खालून पिशवी टांगा आणि हलका हिसका द्या. सुटलं तर ठीक. नाही सुटलं तर पट्टा परत करा, ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर राहू नका. लहान पिल्लासाठी तर ही चाचणी आणखी कमी वजनावर घ्या. कित्येक सेफ्टी बकलं मोठ्या मांजराच्या वजनाला सुटतात, दीड किलोच्या पिल्लाला दाद देत नाहीत.

माप: पूर्ण वाढलेल्या मांजराची मान बहुधा २० ते २८ सेंटिमीटर भरते. पट्ट्याची रुंदी एक सेंटिमीटरच्या आसपास पुरे. पर्शियनसारख्या दाट केसाच्या मांजराचं माप केसांवरून घेऊ नका. केस बाजूला सारून टेप कातडीलगत फिरवा.

आता काय घ्यायचं नाही ते:

- इलॅस्टिकचा तुकडा जोडलेला पट्टा. सुरक्षित म्हणून विकतात. इलॅस्टिक ताणलं की मांजर मान काढायच्या नादात पुढचा पाय आत घालतं, पट्टा काखेत अडकतो आणि घासून घासून कातडी कापतो. काखेतल्या या जखमा खोल जातात आणि भरायला फार वेळ घेतात.
- कुत्र्याच्या पिल्लाचा पट्टा. सळई-भोकाचं बकल उघडतच नाही.
- काळा दोरा, रिबन, केसांचं रबर. दृष्ट लागू नये म्हणून गळ्यात बांधलेला दोरा फांदीला अडकला तर तुटत नाही, आणि पिल्लू वाढतं तसा तो मानेत रुततो. वरचे केस दाट असल्यामुळे जखमेचा वास येईपर्यंत कळत नाही. दृष्ट काढायची असेल तर मीठ-मोहरी ओवाळा. गळा मोकळा ठेवा.
- कुत्र्यांसाठीचा पिसवांचा पट्टा. यात पर्मेथ्रिन किंवा अमित्राझ ही कीटकनाशकं असू शकतात. मांजराला ही दोन्ही विषारी आहेत. पाकिटावर मांजराचं चित्र आहे म्हणून भागत नाही, आतला घटक वाचा.
- चामड्याचा पट्टा, निदान कोकणात, गोव्यात आणि मुंबईत तरी. पावसाळ्यात त्याला बुरशी येते, सुकला की कडक होतो.

नायलॉन किंवा सुती विणीचा पट्टा बरा. घुंगरू हवंच असेल तर फट बारीक असलेलं घ्या. रुंद फटीत नख अडकतं. आणि दोन घ्या. सुटणारा पट्टा सुटून हरवणारच, तो त्याच कामासाठी आहे. पहिला गेल्यावर दुसरा महिनाभराने आणायचा, तेवढा महिना मांजर बेनाव फिरतं.

*ट्रॅकरबद्दल थोडक्यात:* चिपमध्ये जीपीएस नसतं, बॅटरीही नसते. ती जागा सांगत नाही, स्कॅनर टेकवला की फक्त एक आकडा सांगते. ठिकाण कळायला हवं असेल तर पट्ट्यावर वेगळं उपकरण लावावं लागतं. एअरटॅग साधारण ११-१२ ग्रॅमचा असतो, पण त्याला आपलं ठिकाण कळवायला जवळपास ॲपलचे फोन लागतात. अँड्रॉइडच्या गर्दीत, डक्टमध्ये किंवा कौलांखाली दडलेलं मांजर त्याने हमखास सापडेल असं धरू नका. जीपीएसचे ट्रॅकर याहून जड असतात आणि त्यांना सिम व चार्जिंग लागतं. तीन किलोच्या आतल्या मांजराच्या गळ्यात असं ओझं नको.

टप्पा ३: टॅगवर काय लिहायचं

टॅग रुपयाच्या नाण्याएवढा किंवा त्याहून लहान. तेवढ्या जागेत प्राधान्य ठरवायला हवं:

१. पुढच्या बाजूला दहा आकडी मोबाइल नंबर, मोठ्यात मोठ्या अक्षरात. आकडे इंग्रजी घ्या, म्हणजे मराठी, हिंदी, कन्नड काहीही बोलणारा वॉचमन ते एका नजरेत वाचेल.
२. मागच्या बाजूला दुसरा नंबर आणि ‘चिप आहे’ हे दोन शब्द. सापडलेलं मांजर ठेवून घेण्याचा मोह त्या दोन शब्दांनी बराच आवरतो.
३. रोजचं औषध चालू असेल तर ‘औषध चालू’.

नाव नको. बक्षिसाची रक्कम तर मुळीच नको. पूर्ण पत्त्याऐवजी सोसायटीचं नाव पुरतं, तेही जागा उरली तर.

कोरलेला टॅग घ्या, छापलेला घेऊ नका. छापलेली शाई दोन-तीन महिन्यांत घासून जाते. आत कागदाची गुंडाळी असलेली स्क्रूची नळी पावसाळ्यात पाणी पिते. जुलैमध्ये उघडून बघाल तर आत निळा लगदा असतो. क्यूआर कोडचा टॅग चालेल, पण त्यावर नंबर उघड कोरलेला असेल तरच. कोडमागची कंपनी बंद झाली किंवा वार्षिक वर्गणी भरायची राहिली की तो कोड म्हणजे नक्षी. लोंबणारा टॅग ज्याला नको असेल त्याने पट्ट्यावरच सपाट बसणारी पट्टी घ्यावी किंवा नंबर पट्ट्यावर भरतकामाने विणून घ्यावा. अडकण्याची एक जागा कमी होते.

*तपासा:* टॅग एक हात अंतरावर धरून, चष्म्याशिवाय, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून नंबर वाचून घ्या आणि वाचलेला नंबर लावून बघा. एक आकडा चुकीचा कोरलेला टॅग ही नवलाची गोष्ट नाही.

टप्पा ४: पट्टा घालणं आणि सवय लावणं

पिल्लू चार-सहा महिन्यांचं होऊन अंगाने भरेपर्यंत पट्टा घाई करून घालू नका. तोवर ते घरातच ठेवा.

१. पट्टा दोन दिवस मांजराच्या गोधडीत ठेवा, त्याला त्याचा वास लागू द्या.
२. जेवणाच्या वाटीपाशी घाला. खाणं चालू असेपर्यंत ठेवा, मग काढा. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं पुरेत.
३. घट्टपणा बघा: पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सपाट, सहज जायला हवीत. तिसरं जात असेल तर सैल आहे.
४. दहा मिनिटांनी परत बघा. पट्टा घालताना मांजर मान ताठ करतं, स्नायू फुगतात. सैलावलं की तोच पट्टा ढिला होतो. बहुतेक लोक हीच दुसरी तपासणी विसरतात.
५. रोज वेळ वाढवत आठवड्याभरात दिवसभरावर न्या.

*सावध:* पहिल्या आठवड्यात पट्टा घालून मांजराला एकटं सोडून कामावर जाऊ नका. सैल पट्टा चाटायच्या नादात खालचा जबडा त्यात अडकतो. मांजर घाबरून उलटंसुलटं धावतं आणि जबडा आणखी घट्ट अडकतो.

मागे चालणं, जमिनीवर लोळणं, पुतळ्यासारखं एका जागी बसणं हे पहिले दोन-तीन दिवस चालतं. आठवड्यानंतरही मांजर खात नसेल किंवा मानेचे केस जात असतील तर पट्टा काढा आणि चिपचा टप्पा आधी उरका. काही मांजरं पट्टा आयुष्यभर घेत नाहीत. त्यांच्यासाठी चिप ही एकच वाट उरते, आणि ती आजच धरायला हवी.

टप्पा ५: चिपआधी ठरवायच्या गोष्टी

चिप म्हणजे तांदळाच्या लांब दाण्याएवढी काचेची कुपी, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड. ८ मिलिमीटरची बारीकही मिळते. आत कॉइल आणि आकडा साठवलेला कण. स्कॅनरच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते, आकडा सांगते आणि पुन्हा निजते. म्हणूनच बॅटरी संपण्याचा प्रश्न येत नाही. मांजराच्या जन्मभर ती पुरते.

डॉक्टरांना तीन गोष्टी स्पष्ट विचारा:

- चिप आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १३४.२ किलोहर्ट्झची आणि १५ आकडी आहे ना? जुन्या १२५ किलोहर्ट्झच्या चिपा नऊ-दहा आकडी असतात आणि कित्येक स्कॅनर त्या वाचत नाहीत.
- नोंदणी कुठल्या रजिस्ट्रीत (चिपचा आकडा आणि मालकाचं नाव-नंबर ठेवणाऱ्या यादीत) होते आणि ती कोण करतं, तुम्ही की मी?
- आज तुमच्याकडे चालू स्कॅनर आहे का?

पंधरा आकड्यांतले पहिले तीन बघायला शिका. ३५६ हा भारताचा देशसंकेत आहे. ९०० ते ९९८ या दरम्यानचे आकडे उत्पादकांचे संकेत असतात. त्यातला ९०० अनेक उत्पादकांत वाटलेला आहे, त्यामुळे त्यावरून एकट्या कंपनीचं नाव निघत नाही. ९९९ ने सुरू होणारी चिप घेऊ नका. तो चाचणीसाठी राखलेला संकेत आहे आणि तो आकडा एकमेव असण्याची हमी नसते. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या चिपांबाबत हे आधी बघा. चिप स्वतः विकत घेऊन घरी टोचण्याचा विचार तर मनातही आणू नका.

वेळ: आठ-दहा आठवड्यांच्या निरोगी पिल्लालाही चिप बसवता येते, भूल लागत नाही. पण सुई लसीच्या सुईपेक्षा बरीच जाड असते. मांजर नसबंदीला जाणारच असेल तर भुलीतच चिप बसवून घेणं सगळ्यांनाच सोपं. मात्र त्यासाठी थांबायचं तर मांजर तोवर घराबाहेर जाऊ देऊ नका.

टप्पा ६: दवाखान्यात, टेबलापाशी

इथे तीनदा स्कॅन व्हायला हवं. तिन्ही वेळा तुम्ही स्क्रीनवरचा आकडा स्वतः बघा.

१. पहिलं स्कॅन, रिकाम्या मांजराचं. आधीची चिप नाही याची खात्री. एका मांजरात दोन चिपा झाल्या तर पुढे कुठली नोंद खरी यावर वाद होतो.
२. दुसरं स्कॅन, पाकिटातल्या चिपचं. सुई टोचण्याआधी. स्क्रीनवरचा आकडा आणि बारकोडच्या स्टिकरवरचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत जुळवा.
३. चिप दोन खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली जाते. मानगुटीची कातडी उचलून डॉक्टर सुई तिरकी घालतात. त्याच दिवशी लसही असेल तर ती दुसऱ्या जागी द्यायला सांगा. नंतर गाठ आली तर ती कशाची हे कळायला हवं.
४. सुई बाहेर काढल्यावर टोचल्याच्या जागी काही सेकंद बोटाने दाब. लांब केसांच्या मांजरात चिप सुईबरोबरच बाहेर येऊन केसांत अडकलेली असू शकते, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.
५. तिसरं स्कॅन, चिप बसल्यावर. हे न करता टेबलावरून उठू नका.

स्कॅन नीट होण्याच्या अटी: धातूचा पट्टा किंवा टॅग काढा, स्टीलच्या टेबलावर टॉवेल घाला किंवा मांजर मांडीवर घ्या, स्कॅनर केसांना टेकवा आणि सावकाश फिरवा. खांद्यांपासून सुरुवात, मग पाठीवर नागमोडी, मग दोन्ही बाजूंनी कोपरापर्यंत, शेवटी छाती. काही मांजरांमध्ये चिप खांद्यावरून सरकून खाली उतरते. घाईघाईत मानेवर एकदा फिरवून ‘चिप नाही’ म्हणणं, ही चुकीच्या निदानाची नेहमीची रीत. स्कॅनरची बॅटरी उतरलेली असली तरी हाच निकाल मिळतो.

*घरी परतल्यावर:* स्टिकरांतलं एक लसीकरणाच्या पुस्तकात, एक घरच्या फाइलमध्ये. पुस्तकातल्या पानाचा फोटो काढून स्वतःला आणि त्या दुसऱ्या नातेवाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवा. दोन-तीन दिवस आंघोळ नको, टोचल्याची जागा चोळू नका. बारीक सूज असली तर ती उतरते. तीन महिन्यांनंतरही टिकलेली, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी किंवा महिन्याभरानंतरही वाढत जाणारी गाठ असेल तर लगेच दाखवा. असं क्वचितच होतं, पण मांजरांमध्ये टोचल्याच्या जागची गाठ दुर्लक्षित ठेवू नये.

टप्पा ७: नोंदणी, म्हणजे सातबाऱ्यावर नाव चढवणं

चिप हा नुसता गट नंबर आहे. जमीन कुणाची ते सातबाऱ्यावर लिहिलेलं असतं, तसं मांजर कुणाचं ते रजिस्ट्रीत. टोचली म्हणजे आपोआप नाव लागलं, हा समज सर्वात घातक. भारतात घरच्या मांजरांसाठी सगळ्या चिपा एका जागी दाखवणारी एकच सरकारी यादी नाही. त्यामुळे आकडा कुठे नोंदवला आहे, हे तुम्हालाच माहीत असायला हवं.

१. रजिस्ट्रीचं नाव आणि लॉगिन त्याच दिवशी मिळवा.
२. मालक म्हणून तुमचं नाव आहे ना बघा. दुकानदाराच्या, ब्रीडरच्या किंवा दवाखान्याच्या नावावर राहिलेल्या नोंदी पुष्कळ. दत्तक घेतलं असेल तर आधीच्या माणसाकडून बदल करून घ्या; नंतर तो फोन उचलेलच असं नाही.
३. दोन नंबर, ईमेल, रंग, लिंग, नसबंदीची तारीख, अंगावरची खूण भरा. ‘काळा-पांढरा’ एवढ्यावर थांबू नका. ‘हनुवटीवर काळा ठिपका, डावा मागचा पंजा पांढरा’ असं लिहा.
४. दोन दिवसांनी त्याच संकेतस्थळावर आपला आकडा टाकून शोधा. नोंद दिसली तरच हा टप्पा संपला.
५. महापालिकेची प्राण्यांसाठी नोंदणी असेल तर तीही करा, पण ती चिपच्या नोंदणीपेक्षा वेगळी आहे. एक केल्याने दुसरी होत नाही.

परदेशात बसवलेली चिप घेऊन आलेल्यांनी ती कुठे नोंदली आहे हे युरोपातल्या रजिस्ट्र्यांत एकत्र शोध घेणाऱ्या युरोपेटनेट या संकेतस्थळावर, किंवा अमेरिकेतली असेल तर तिथल्या पशुरुग्णालय संघटनेच्या शोधपानावर बघावं. तिथे मालकाचा नंबर मिळत नाही. कुठल्या रजिस्ट्रीला विचारायचं एवढं कळतं.

टप्पा ८: मांजर परदेशी न्यायचं असेल तर

इथे क्रम चुकला तर तिकिटं रद्द होतात. युरोपीय संघ आणि ब्रिटनसाठी चिप आधी, रेबीजची लस नंतर (त्याच दिवशी चालेल, पण चिप वाचून झाल्यावर). चिपच्या तारखेआधीची लस धरली जात नाही, ती पुन्हा द्यावी लागते. भारतातून जाणाऱ्या मांजराला त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी लागते, तीत रेबीजविरुद्धच्या प्रतिपिंडांचं (अँटिबॉडीजचं) प्रमाण ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली किंवा अधिक हवं, आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी चार महिने. रक्ताच्या नमुन्याच्या फॉर्मवर, लसीच्या पानावर आणि आरोग्य प्रमाणपत्रावर पंधरा आकडे हुबेहूब तेच हवेत. एका अंकाची चूक झाली तर घड्याळ पुन्हा शून्यावर येतं.

इंग्लंडमध्ये स्थायिक होणाऱ्यांसाठी: तिथे १० जून २०२४ पासून घरच्या मांजराला २० आठवड्यांच्या आत चिप बसवून नोंदवणं सक्तीचं आहे, नाही केलं तर ५०० पौंडांपर्यंत दंड. भारतातली चिप असली तरी तिचा आकडा तिथल्या रजिस्ट्रीत नव्याने चढवावा लागतो.

टप्पा ९: मांजर खरंच निसटलं तर

१. पहिल्या तासात स्वतःची इमारत: डक्ट, जिन्याखालची जागा, मीटरची खोली, गाड्यांची बॉनेटं, शेजारच्या गच्चीवरची टाकी. घरात वाढलेलं मांजर बहुधा दूर पळत नाही, जवळच गप्प दडतं, आणि हाक मारली तरी ओ देत नाही.
२. रात्री दोन ते चारच्या दरम्यान टॉर्च घेऊन परत फिरा. डोळे चमकतात. दिवाळीत किंवा मिरवणुकीच्या ढोल-डीजेने बिथरलेलं मांजर आवाज पूर्ण थांबेपर्यंत बाहेर येत नाही.
३. वॉचमन, सफाई कामगार, दूधवाला आणि कोपऱ्यावरचा किराणावाला यांना फोटो दाखवा. सोसायटीच्या ग्रुपवर टाकण्यापेक्षा हे आधी.
४. रजिस्ट्रीत ‘हरवलं’ अशी नोंद करा. आसपासच्या दवाखान्यांना आणि प्राणी-संस्थांना फोटो व पंधरा आकडे पाठवा. मात्र एक युक्ती: शेवटचे दोन आकडे जाहीर पोस्टमध्ये लिहू नका. ‘माझंच आहे’ म्हणत येणाऱ्याची परीक्षा त्यावरून घेता येते.

मांजर सापडलं असेल तर आधी टॅग, मग स्कॅन, मग पोस्ट. स्कॅन न करता नवीन घर शोधून देणं म्हणजे नकळत कुणाचं तरी मांजर पळवणं.

टप्पा १०: देखभालीचं वेळापत्रक

- *दर आठवड्याला:* पट्टा काढून मान बघा. केस जाणं, लाली, ओल. वाढत्या पिल्लाचा घट्टपणा तपासा. बकल दोन-तीनदा हाताने ओढून उघडा. धूळ आणि केस अडकून ते घट्ट होतं.
- *पावसाळ्यात:* भिजलेला पट्टा लगेच बदला, दुसरा घाला. ओल्या पट्ट्याखाली कातडी सडते, दाट केसांत तर फार लवकर.
- *दरवर्षी लसीच्या वेळी:* चिप स्कॅन करून घ्या. वाचली जाते का, जागेवर आहे की सरकली, हे पुस्तकात लिहून घ्या.
- *नंबर बदलला की त्याच दिवशी:* रजिस्ट्री आणि टॅग दोन्ही. दुसऱ्या सिमवरचा नंबर दिला असेल तर त्याचं रिचार्ज चालू ठेवा. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो, आणि मग मांजर सापडल्याचा फोन भलत्याच घरी जातो.